एका तासाचे अंतर : क्वालालंपूर आणि सिंगापूर



आजच्या व्याख्यानाचे शीर्षक वाचून आपल्यापैकी काहींना प्रश्न पडला असेल. दोन परक्या शहरांमधले अंतर हा इतिहासाचा विषय कसा होऊ शकतो? नकाशावर पट्टी ठेवावी, विमानाचे वेळापत्रक पाहावे, की उत्तर मिळाले. ते उत्तर मी आधीच सांगून टाकतो. क्वालालंपूरच्या मध्यवस्तीपासून सिंगापूरच्या मध्यवस्तीपर्यंत सरळ रेषेत सुमारे ३१५ किलोमीटर भरतात. आजचे दोन मुख्य विमानतळ धरले तर आकडा ३०० च्या किंचित खाली येतो. रस्त्याने हेच अंतर सुमारे ३५० किलोमीटर आहे. वेळापत्रकात विमानाला एक तास, किंवा वर पाच-दहा मिनिटे, दिलेली असतात. त्यातला हवेतला वेळ जेमतेम पाऊण तास. पाण्याचा पेला हातात येतो, आणि तो रिकामा होतो न होतो तोच पट्टे बांधण्याची सूचना होते.

इतके सरळ उत्तर असताना तासभर बोलायचे कशाला? कारण असे की, यातले किलोमीटर तेवढे स्थिर आहेत. हे अंतर कापायला माणसाला लागणारा वेळ मात्र गेल्या दीडशे वर्षांत कधी घटला, कधी वाढला. एका सैन्याला त्यासाठी पस्तीस दिवस लागले. अगदी अलीकडे हजारो माणसांना दोन वर्षे थांबावे लागले. यंत्रांनी हा वेळ कमी केला हे खरे. पण तो वाढवला तो बहुतेक वेळा राज्यकर्त्यांनी, त्यांच्या सीमांनी आणि त्यांच्या करारांनी. या एका लहानशा हवाई मार्गाच्या निमित्ताने तो हिशेब मला आज आपल्यापुढे मांडायचा आहे.

आपण गोव्यात बसलो आहोत, तेव्हा सुरुवात मलाक्कापासून करणे उचित होईल. क्वालालंपूरहून सिंगापूरकडे निघाले की वाटेत, पश्चिम किनाऱ्यावर, हे जुने बंदर लागते. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १५११ मध्ये, आफोन्सु द आल्बुकेर्कने मलाक्का जिंकले. तेव्हापासून १६४१ मध्ये डचांनी ते हिसकावून घेईपर्यंत मलाक्काचा कारभार गोव्याच्या अधिकाराखाली होता. त्या काळी ना सिंगापूर आजच्या अर्थाने शहर होते, ना क्वालालंपूरचे नाव कुणाला माहीत होते. अंतर मोजायचे ते मलाक्का आणि गोवा यांच्यामधले, आणि ते मोजायचे मोसमी वाऱ्यांनी. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ च्या अखेरीस चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. त्यांचे शव मार्च १५५३ मध्ये मलाक्काला आणून पुरण्यात आले. तिथून ते बाहेर काढून डिसेंबरमध्ये जहाजावर चढवले गेले आणि मार्च १५५४ मध्ये गोव्याला पोहोचले. म्हणजे एकट्या मलाक्का-गोवा टप्प्याला तीन महिने. संताचे शव असो की मिऱ्याची गोणी, वाऱ्यापुढे दोघांची पत सारखीच होती. तिथल्या अधिकाऱ्याने गोव्याला लिहिलेल्या पत्राचे उत्तर हाती यायला अख्खे वर्ष जाणे ही नेहमीची गोष्ट असे. वारा कुणाचे ऐकत नव्हता. पण तो कुणाचा पक्षही घेत नव्हता. पुढच्या कहाणीत हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता आपल्या दोन शहरांकडे येऊ. सिंगापूरला रॅफल्सने १८१९ मध्ये कंपनीचे ठाणे वसवले. हे ठाणे आणि त्याच्या जोडीची पिनांग व मलाक्का ही बंदरे १८६७ पर्यंत हिंदुस्थान सरकारच्या कारभारात होती. क्वालालंपूर त्याहून पुष्कळच धाकटे. १८५७ मध्ये, इकडे उत्तर हिंदुस्थानात उठाव पेटलेला असताना, सत्त्याऐंशी चिनी खाणकामगार क्लांग नदीतून होड्या लोटत वर गेले आणि गोंबाक नदी जिथे तिला मिळते तिथे उतरून कथिलाच्या शोधात रान तुडवू लागले. ‘क्वाला लंपूर’ या शब्दांचा अर्थच मुळी ‘गढूळ संगम’. जंगली तापाने त्यांच्यातले बहुतेक मेले. मागून दुसरे आले. कथिल निघाले आणि गाव वसले.

या गावातून सिंगापूरला जायचे म्हणजे आधी नदीने समुद्र गाठायचा आणि मग गलबताने किंवा आगबोटीने किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला उतरायचे. १८८६ मध्ये क्वालालंपूरपासून क्लांगच्या दिशेने रेल्वे सुरू झाली आणि नदीचा त्रास वाचला. पण ती रेल्वे सिंगापूरकडे जात नव्हती. समुद्राकडे जात होती. वसाहतीतल्या बहुतेक रेल्वेमार्गांचे असेच असते. खाणीतून बंदराकडे माल काढणे हे त्यांचे पहिले काम. गावाला गाव जोडणे हा नंतरचा विचार.

तो नंतरचा विचार पुरा व्हायला वीसेक वर्षे लागली. १९०३ मध्ये सिंगापूर बेटावर शहरापासून उत्तरेच्या वुडलंड्सपर्यंत रूळ पडले. १९०९ मध्ये जोहोर संस्थानातला मार्ग पूर्ण झाला. आता मलायाच्या उत्तर भागापासून जोहोरच्या सामुद्रधुनीपर्यंत सलग लोहमार्ग होता. अडत होते ते शेवटच्या किलोमीटरभर पाण्यावर. गाडी किनाऱ्यावर थांबे, प्रवासी आणि माल तरीतून पलीकडे जाई. रबर आणि कथिल यांची वाहतूक वाढत गेली तशी तरीवर गर्दी होऊ लागली. अखेर १९१९ मध्ये पाण्यात दगड भरून कॉजवे बांधायला घेतला. पणजी-रायबंदरचा जुना कॉजवे आपल्या नित्याच्या पाहण्यातला आहे. तो याहून लांब आहे आणि सतराव्या शतकातला आहे. पण जोहोरच्या एका किलोमीटरच्या कॉजवेने एक देशच्या देश बेटाला जोडला. सप्टेंबर १९२३ मध्ये त्याच्यावरून मालगाड्या जाऊ लागल्या, ऑक्टोबरच्या १ तारखेपासून उतारूंच्या गाड्या, आणि जून १९२४ मध्ये त्याचा रीतसर उद्घाटन समारंभ झाला. रात्रीच्या मेलने क्वालालंपूरला बसावे आणि सकाळी सिंगापूरला उतरावे, असा प्रवास त्यानंतर अंगवळणी पडला.

रेल्वेबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे सामाईक घड्याळ. सिंगापूर क्वालालंपूरच्या पूर्वेला दोन अंशांहून थोडे अधिक आहे. म्हणून तिथे सूर्य साडेआठ-पावणेनऊ मिनिटे आधी डोक्यावर येतो. सूर्यावर घड्याळ लावायचे तर दोन्ही शहरांत तेवढा फरक राहणार. तारायंत्र आणि आगगाडी यांना असा फरक चालत नाही. १९०१ मध्ये क्वालालंपूरने सिंगापूरची वेळ स्वीकारली. १९०५ मध्ये दोघांनी मिळून ग्रिनिचच्या पुढे सात तास ही वेळ घेतली. १९३३ पासून संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून तीत वीस मिनिटांची भर पडली, आणि १९४१ मध्ये ती साडेसात तासांवर गेली. हा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण त्यातली एक गोष्ट मी ठळकपणे मांडतो : घड्याळ इतक्या वेळा हलले, पण प्रत्येक वेळी दोन्ही शहरांत ते एकाच वेळी हलले.

ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही हे आपल्याकडच्या अनुभवावरून कळेल. हिंदुस्थानात १९०६ मध्ये प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने आपली वेगळी ‘मुंबई वेळ’ पुढे कितीतरी वर्षे सोडली नाही. गोव्याची तर तऱ्हाच निराळी. १९११ च्या पोर्तुगीज फर्मानाने पोर्तुगीज हिंदुस्थानासाठी ग्रिनिचच्या पुढे पाच तासांची वेळ ठरवली, आणि सीमेपलीकडे ब्रिटिशांची वेळ होती साडेपाच तासांची. कॅसलरॉकचा घाट उतरताना माणूस अर्धा तास मागे जात होता म्हणा ना! घड्याळ हे सूर्याचे नसते, सरकारचे असते, हे आपल्या आजोबा-पणजोबांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१९३७ हे या मार्गावर विमान आले ते साल. जून १९३७ मध्ये सिंगापूरला कलांगचा विमानतळ उघडला. तो गावाला लागूनच होता. एका बाजूला हिरवळीचे वर्तुळाकार मैदान आणि दुसऱ्या बाजूला समुद्री विमानांसाठी पाणी. त्याच महिन्याच्या अखेरीस वेअर्न्स एअर सर्व्हिसेस या कंपनीने सिंगापूर-क्वालालंपूर-पिनांग अशी विमानसेवा सुरू केली. विमान होते डी हॅविलंड ड्रॅगन रॅपिड : दोन पंख एकावर एक, सांगाडा लाकडाचा, वर कापड ताणलेले, आत सहा-आठ माणसांची सोय. त्याचा नेहमीचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या थोडा वर. सव्वातीनशे किलोमीटरला या वेगाने दीड तास लागतो. रात्रभराच्या रेल्वेप्रवासाचा दीड तास झाला. हा आकडा आपण जरा बाजूला जपून ठेवू. पुढे तो पुन्हा भेटणार आहे.

या सेवेला पुरती पाच वर्षेही मिळाली नाहीत. ८ डिसेंबर १९४१ रोजी जपानी फौजा मलायाच्या ईशान्य किनाऱ्यावर कोटा भारूला उतरल्या. ११ जानेवारी १९४२ ला त्यांनी क्वालालंपूर घेतले. तिथून सिंगापूरपर्यंतच्या वाटेवर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि फार मोठ्या संख्येने हिंदी सैनिक त्यांना अडवत माघार घेत होते. पूल उडवले जात होते. जपानी पायदळ सायकली खांद्यावर घेऊन नद्या ओलांडत होते आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा त्यांच्यावर बसत होते. ३१ जानेवारीला शेवटच्या तुकड्या बेटावर आल्यावर ब्रिटिशांनी कॉजवेला सुरुंग लावून भगदाड पाडले. अठरा वर्षांपूर्वी ज्या कॉजवेने बेटाचे बेटपण संपवले होते, तोच तोडून बेट वाचवण्याचा हा प्रयत्न होता. तो साधला नाही. १५ फेब्रुवारीला सिंगापूर शरण आले. ११ जानेवारी ते १५ फेब्रुवारी, म्हणजे पस्तीस दिवस. विमानाने दीड तासाचे अंतर विसाव्या शतकातल्या सैन्याला पस्तीस दिवसांचे पडले, आणि त्यातल्या प्रत्येक दिवसाची किंमत माणसांनी मोजली.

जपान्यांनी सिंगापूरचे नाव बदलून स्योनान केले, आणि घड्याळे टोकियोच्या वेळेला लावली. साडेसात तासांवरून एकदम नऊ तास. विषुववृत्ताजवळच्या या प्रदेशात वर्षभर साडेसहाच्या सुमारास उगवणारा सूर्य आता घड्याळात आठ वाजता उगवू लागला. माणसे अंधारात उठत आणि आपल्या अंगणात टोकियोची सकाळ पाहत. सप्टेंबर १९४५ मध्ये ब्रिटिश परतले तेव्हा घड्याळाचे काटेही मागे फिरले. या साऱ्या उलथापालथीतही दोन्ही शहरांची वेळ एकच राहिली. फक्त ती त्यांची स्वतःची नव्हती.

युद्धानंतर मलायन एअरवेज या कंपनीने या मार्गावर नियमित विमाने सोडली. कंपनीची नोंदणी १९३७ चीच होती; पण तिचे पहिले नियमित उड्डाण व्हायला मे १९४७ उजाडावे लागले. पाच उतारूंचे एअरस्पीड कॉन्सल विमान सिंगापूरहून क्वालालंपूर, इपो आणि पिनांगला आठवड्यातून तीनदा जाऊ लागले. पुढच्याच वर्षी मलायात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा आणि सरकारची आणीबाणी सुरू झाली. रेल्वेगाड्या रुळांवरून घसरवल्या जात, रस्त्यांवर दबा धरून हल्ले होत. १९५१ मध्ये खुद्द ब्रिटिश हायकमिशनर सर हेन्री गर्नी रस्त्यावरच मारले गेले. अशा दिवसांत आकाशातून जाण्याचे मोल केवळ वेगापुरते राहिले नाही.

आता मी या कहाणीच्या मर्मस्थानी येतो. सप्टेंबर १९६३ मध्ये मलाया, सिंगापूर, सबाह आणि सारावाक मिळून मलेशिया झाला. क्वालालंपूर-सिंगापूर हा देशांतर्गत प्रवास ठरला. तो दोन वर्षेही टिकला नाही. ९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर वेगळे झाले. त्या दिवशी सकाळी एका देशातून निघालेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या देशात होता, आणि तो जागचा हललाही नव्हता. भाऊ अलीकडे, बहीण पलीकडे. घर एकीकडे, नोकरी दुसरीकडे. भाषा त्याच, देवळे आणि मशिदी त्याच, खाण्याचे पदार्थही तेच. किलोमीटरही तितकेच राहिले.

वाटणीला मात्र वेळ लागला, आणि ती घरातल्या भांड्यांसारखी एकेक करून झाली. १९६७ मध्ये कॉजवेच्या दोन्ही टोकांना पासपोर्ट तपासायला सुरुवात झाली. त्याच वर्षी नाणी आणि नोटा वेगळ्या झाल्या; एकमेकांचे चलन समान दराने घेण्याची पद्धत आणखी सहा वर्षे, १९७३ पर्यंत चालली आणि मलेशियाने ती संपवली. विमानकंपनीची कथा तर फारच बोलकी आहे. देश फुटला तरी कंपनी फुटली नव्हती. उलट १९६६ मध्ये तिने दोन्ही देशांची नावे जोडून घेतली आणि ती मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्स झाली. पण दोन भागीदारांना दोन निरनिराळी विमाने हवी होती. मलेशियाला आपल्या गावागावांना जोडणारी सेवा हवी होती, अगदी बोर्नियोच्या जंगलापर्यंतची. सिंगापूरला देशांतर्गत मार्गच नव्हते. त्याला लांबचे जग हवे होते. ऑक्टोबर १९७२ मध्ये कंपनी दुभंगली. तिच्यातून मलेशियन एअरलाइन सिस्टिम आणि सिंगापूर एअरलाइन्स या दोन कंपन्या निघाल्या. त्यानंतर या तासाभराच्या मार्गावरची रहदारी पस्तीसेक वर्षे मुख्यत्वे या दोघींच्या हाती राहिली. स्वस्त विमानकंपन्यांना तिथे दार उघडले ते २००८ मध्ये. दोन्ही शहरे जगभरच्या स्वस्त प्रवाशांचे स्वागत करीत होती, पण एकमेकांकडे जाणारा प्रवासी मात्र महाग तिकिटावर ठेवला होता.

दार उघडल्यावर काय झाले ते पाहा. २०१८ च्या सुमारास बारा महिन्यांत या मार्गावर तीस हजारांहून अधिक उड्डाणे झाली, म्हणजे दिवसाला सरासरी चौऱ्याऐंशी. दोन देशांना जोडणाऱ्या हवाई मार्गांमध्ये तो जगात सर्वांत गजबजलेला ठरला. भाऊबहिणींना भेटायचेच होते. तिकिटाची आणि परवान्याची अडचण तेवढी होती.

आता मघाशी बाजूला ठेवलेला आकडा पुन्हा घेऊ. १९३७ मध्ये लाकडी विमानाला दीड तास. आज जेट विमानाला, धावपट्टीवरची ये-जा धरून, एक तास. ऐंशीहून अधिक वर्षांच्या प्रगतीत बचत अर्ध्या तासाची! इतक्या जवळच्या प्रवासात विमान वर चढते न चढते तोच उतरू लागते. जेटच्या वेगाला तिथे वावच नाही. त्यातच विमानतळ गावापासून दूर गेले. सिंगापूरचा विमानतळ कलांगहून १९५५ मध्ये पाया लेबारला, आणि १९८१ मध्ये बेटाच्या पूर्व टोकाला चांगीला गेला. क्वालालंपूरचा सुंगाई बेसीहून १९६५ मध्ये सुबांगला, आणि १९९८ मध्ये थेट सेपांगला. तिथून शहरात यायला खास जलद रेल्वे ५७ किलोमीटर धावते आणि अठ्ठावीस मिनिटे घेते. घरापासून विमानतळ, दोन तास आधीची हजेरी, सुरक्षेची रांग, एका देशाची बाहेर पडण्याची तपासणी, दुसऱ्याची आत येण्याची, आणि पुन्हा शहराकडचा रस्ता. हे सगळे मिळून चार-पाच तास सहज होतात. रस्त्याने जाणारी बसही पाच-सहा तासांतच पोहोचवते. आकाशातला तास तसाच राहिला. जमिनीवरचा वेळ वाढला.

रेल्वेचे तर त्याहून वाईट झाले. सिंगापूरमधले तांजोंग पगार स्थानक १९३२ चे, देखणे. देश वेगळे झाल्यावरही ते स्थानक आणि बेटावरची रुळांची जमीन मलायन रेल्वेच्याच ताब्यात होती. म्हणजे सिंगापूरच्या पोटात मलेशियाची एक लांबच लांब पट्टी. १९९८ मध्ये सिंगापूरने आपली तपासणी वुडलंड्सला नेली. मलेशियाने आपली तांजोंग पगारलाच ठेवली. त्यामुळे उत्तरेला निघालेला प्रवासी आधी मलेशियात प्रवेश करी आणि मग अर्ध्या तासाने सिंगापूर सोडी. त्या अर्ध्या तासात तो नेमका कुठल्या देशात होता, हे दोन सरकारांनाही एकमताने सांगता आले नसते. हा वाद वीस वर्षे चालला आणि २०१० मध्ये मिटला. ३० जून २०११ च्या रात्री शेवटची गाडी निघाली. ती चालवायला इंजिनात बसले खुद्द जोहोरचे सुलतान. ज्या संस्थानातून १९०९ मध्ये रूळ सिंगापूरकडे आले, त्याच्याच सुलतानाने ती वाट मिटवण्याचा मान घेतला. आता रेल्वे बेटाच्या काठावर वुडलंड्सलाच थांबते. १९२३ पूर्वीसारखीच!

मग बुलेट ट्रेनची घोषणा झाली. डिसेंबर २०१६ मध्ये दोन्ही देशांनी करार केला : ३५० किलोमीटर, वेळ नव्वद मिनिटे. नव्वद मिनिटे म्हणजे दीड तास. आपल्या लाकडी ड्रॅगन रॅपिडचा दीड तास. पण तेवढेही झाले नाही. मलेशियात सरकार बदलले, काम लांबणीवर पडले, आणि २०२० संपताना करारही संपला. मलेशियाने सिंगापूरला दहा कोटी सिंगापुरी डॉलरहून अधिक भरपाई दिली. न धावलेल्या गाडीचे हे भाडे.

आणि त्याच वर्षी सगळ्यांत मोठा धक्का बसला. मार्च २०२० मध्ये करोनामुळे सीमा बंद झाली. कॉजवेवरून रोज लाखो माणसे ये-जा करीत. पहाटे मलेशियातून निघून सिंगापुरात काम करून रात्री घरी परतत. नोकरी टिकवायची म्हणून अनेक जण सिंगापुरातच थांबले, दोन-चार आठवड्यांचा प्रश्न आहे असे समजून. नोव्हेंबर २०२१ मध्ये काही अटींवर वाट किलकिली झाली. जमिनीवरची सीमा पुरती उघडली ती १ एप्रिल २०२२ ला. दोन वर्षे. आपल्या गावचे दिवे पाण्यापलीकडे डोळ्यांना दिसत होते आणि तिथे जाता येत नव्हते. मोसमी वाऱ्यांच्या काळातल्या माणसाला मलाक्काहून गोव्याला येता-जाता याहून कमी काळ पुरला असता.

हे ऐकताना आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना काही आठवले असेल. १९५५ च्या सत्याग्रहानंतर गोव्याची सीमा बंद झाली ती १९६१ पर्यंत. कुळे ते कॅसलरॉक हे अंतर किती? घाटातले पंचवीस-सव्वीस किलोमीटर. पण माहेर कारवारला आणि सासर काणकोणला असलेल्या बाईला त्या वर्षांत हे अंतर कुणी किलोमीटरमध्ये सांगितले असते तर तिने हसावे की रडावे? दोन्ही प्रसंगांची कारणे वेगळी आहेत, राजकारण वेगळे आहे. मी त्यांची बरोबरी करीत नाही. अडलेल्या माणसाला अंतर कसे जाणवते, एवढेच सांगतो.

शेवट मात्र मी घड्याळाने करणार आहे. १९६५ नंतर या दोन देशांनी जवळजवळ सारे वाटून घेतले : पासपोर्ट, चलन, विमाने, रेल्वेचे रूळ. फक्त घड्याळ तेवढे वाटले नाही. १९८१ च्या अखेरीस मलेशियाने ठरवले की सबाह-सारावाकची वेळ आणि द्वीपकल्पाची वेळ एक करायची. त्यासाठी द्वीपकल्पातले काटे अर्धा तास पुढे सारायचे. सिंगापूरचा यात काही संबंध नव्हता. ते स्वतंत्र राष्ट्र होते आणि आपल्या स्वातंत्र्याला जपणारे होते. त्याने ठरवले असते तर कॉजवेच्या मधोमध अर्ध्या तासाची भिंत उभी राहिली असती. पण रोज ये-जा करणाऱ्यांची आणि व्यापाऱ्यांची गैरसोय होऊ नये म्हणून सिंगापूरनेही आपले काटे हलवायचे ठरवले. ३१ डिसेंबर १९८१ च्या रात्री साडेअकरा वाजता दोन्ही शहरांत एकदम मध्यरात्र झाली. तेव्हापासून तिथला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मुलांना पहाटेच्या काळोखात शाळेला निघावे लागते, आणि दोन देशांचे नवे वर्ष एकाच क्षणी लागते.

म्हणूनच आज सिंगापूरहून नऊला निघालेले विमान क्वालालंपूरला दहाला उतरते, आणि तिथल्या भिंतीवरच्या घड्याळातही दहाच वाजलेले असतात. वेळापत्रक वाचणाऱ्याला यात विशेष काही दिसणार नाही. पण हे दहा वाजणे ना सूर्याने दिले, ना विमान बनवणाऱ्यांनी. एकमेकांशी भांडून वेगळ्या झालेल्या दोन घरांनी ते समजून-उमजून जपले आहे. राज्यकर्त्यांनी मनात आणले तर एका तासाचे दोन वर्षे होऊ शकतात हे आपण पाहिले. त्यांनी मनात आणले तर तास तासच राहतो, हेही याच मार्गावर पाहायला मिळते. दोन गावांमधले अंतर विचारणाऱ्याला किलोमीटर जरूर सांगावेत. पण मध्ये सीमा असेल तर तिच्यावरची रांग किती लांब आहे, हेही त्याला सांगावे.